फोन घरात आला, पण तो चालवतो कोण?



कापसाचे पैसे हाती आले, की घरात एखादी नवी वस्तू येते. पूर्वी ती सायकल असे, नंतर रेडिओ आला, टीव्ही आला, मग मोटारसायकल आली. आता आपल्या बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पहिली मागणी असते ती मोठ्या काचेच्या मोबाइलची. फोन घरी आला, की त्याला हळद-कुंकू लागते, काचेवर दुसरी काच बसते, मागे कव्हर चढते आणि दोनच दिवसांत तो घरातल्या शाळकरी पोराच्या हाती जातो. घरचा कारभारी हिरवी खूण सरकवून ‘हॅलो’ म्हणण्यापुरताच त्याचा धनी राहतो. कारभारणीच्या हाती फोन येतो तो माहेरची कोणी बोलणार असेल तेव्हा.

फोन कोणत्या कंपनीचा घ्यावा, कॅमेरा किती मोठा असावा, याची चर्चा पारावर पुष्कळ होते. तिच्यात आम्ही भर घालत नाही. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच, की ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्या बाईच्या नावावर बँकेचे खाते आहे, त्याला आणि तिला तो फोन स्वतः चालवता येतो का? हा प्रश्न हौसेचा असता, तर सोडून दिला असता. पण गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याची बहुतेक सरकारी कामे या फोनला बांधली गेली आहेत.

पाहा ना. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये सुरू झाले. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० आले. २०२४ मध्ये घरातल्या बायांसाठी लाडकी बहीण योजना आली. या सगळ्यांत आधार, बँक आणि मोबाइल नंबर यांची सांगड आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतात काय पेरले, हे आपणच फोनवरून नोंदवायचे झाले. १५ एप्रिल २०२५ पासून शेती खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. हा क्रमांक देण्याचा प्रयोग आधी देशातल्या ज्या ६ जिल्ह्यांत करून पाहिला, त्यांत महाराष्ट्राचा जिल्हा आपला बीडच होता. तेव्हा या बाबतीत आपण मागासलेले नाही. पण क्रमांक मिळाला म्हणजे तो वापरता आला, असे होत नाही.

प्रत्यक्षात काय चालते, ते सर्वांना ठाऊक आहे. फोन खिशात घालून कारभारी तालुक्याच्या गावी ऑनलाइनच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, “काका, मोबाइल द्या इकडे.” काका मोबाइल देतात. फोन वाजतो, त्यावर सहा आकडे येतात, दुकानदार ते आकडे संगणकात घालतो आणि म्हणतो, “झालं काम.” कोणते काम झाले, कशाला संमती दिली, कोणाचा खातेनंबर घातला, हे काकांनी विचारलेले नसते आणि त्यांना कोणी सांगितलेलेही नसते. गावात असेल तर हेच काम भावकीतला एखादा पोरगा करून देतो. बहुतेक दुकानदार आणि बहुतेक पोरे सरळ असतात, अडल्यानडल्याला उपयोगी पडतात, हे मान्यच केले पाहिजे. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला पाणी किती मिळाले, हेही कळत नाही आणि किती सांडले, हेही कळत नाही.

हा ओटीपी नावाचा सहा आकड्यांचा निरोप म्हणजे तरी काय? तो एकदाच चालणारा अंगठा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले. कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि पुढे ते लोण आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्या लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या घरातल्या कागदांवर होता. कर्जखते ताब्यात घ्यायची आणि जाळायची, हा त्यांचा हेतू होता, कारण आपले घरदार आणि जमीन त्या न वाचलेल्या कागदात अडकली आहे, हे त्यांना उमगले होते. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि कर्जखत नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, असे त्यात ठरले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे तर पुढे सरकारी कारभाराची भाषाच उर्दू झाली. मराठी बोलणाऱ्या कुणब्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १९४८ मध्ये ते राज्य गेले, शाळा निघाल्या, आपण सही करायला शिकलो. आता सहीच्या जागी आकडे आले आहेत आणि त्यांच्या बाबतीत आपण पुन्हा अंगठेबहाद्दर होऊन बसलो, तर एवढी शाळा शिकून उपयोग काय?

याचा फटका कसा बसतो, त्याचे उदाहरण पीक विम्याचे घ्या. २०२३ च्या खरिपापासून राज्यात १ रुपयात पीक विमा होता. अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत. शेतकऱ्याने द्यायचा तो १ रुपयाच. तरीही जास्त पैसे घेतल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या, कारण ४० रुपयांची गोष्ट शेतकऱ्याला माहीतच नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमा काढल्याचे बोगस अर्जही निघाले आणि त्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव आले. २०२५ मध्ये ती १ रुपयाची योजनाच बंद झाली आणि शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागू लागला. थोड्यांनी केलेल्या लबाडीचा भार सगळ्यांवर आला. आपल्या गटावर कोणी काय नोंदवले आहे, हे ज्याला आपल्या फोनवर पाहता येते, त्याला अशी गोष्ट लवकर कळते.

आता नव्या फोनच्या रोजच्या अडचणी पाहू. पहिली अडचण भाषेची. पुष्कळ घरांत फोन इंग्रजीतच चालू असतो, कारण दुकानातून तो तसाच आलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करून घ्यावी. तिथेच अक्षरे मोठी करण्याचीही सोय असते. चष्मा लागलेल्या माणसाने हे पहिल्या दिवशीच करून घ्यावे. लिहिता येत नाही, म्हणून अडून बसू नये. कळफलकावर माइकचे चित्र असते, ते दाबून मराठीत बोलले, की फोन आपोआप लिहितो. आपल्या बोलीतले काही शब्द तो चुकीचे लिहितो, पण नातवाच्या मदतीशिवाय निरोप धाडता येतो, हे काय थोडे झाले?

दुसरी अडचण बोटांची. कापूस वेचून, ऊस तोडून, खुरपून बोटांची कातडी घासली जाते आणि ठसा उमटत नाही. मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहते आणि माणसाला आपलेच काही चुकले असे वाटते. त्यात त्याचे काही चुकलेले नसते. फोन उघडण्यासाठी ठशाऐवजी आकड्यांचे कुलूप लावावे. पीएम किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय झाली आहे. ज्यांचे ठसे जुळत नाहीत, त्यांनी तिचा लाभ घ्यावा.

तिसरी अडचण फोन भरून जाण्याची. ‘मेमरी फुल’ झाली, असे सांगत पोरे दुकानात धावतात आणि नव्या फोनचा हट्ट धरतात. फोन भरतो तो बहुधा व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभाताच्या चित्रांनी, वाढदिवसाच्या फलकांनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ही चित्रे आपोआप उतरून घेण्याची सोय बंद करावी आणि महिन्यातून एकदा नको ते पुसून टाकावे. घरातले कोठार आपण झाडतो, तसेच हे आहे. चौथी गोष्ट उन्हाची. चैत्र-वैशाखात फोन मोटारसायकलच्या टाकीवर किंवा बांधावर उन्हात ठेवू नये, बॅटरी लवकर खराब होते. पावसात काचेवर थेंब पडले, की बोट एकीकडे आणि फोन भलतीकडे, असे होते. अशा वेळी काच कोरड्या फडक्याने पुसावी. फोन बिघडला असे समजू नये.

आता शेतातल्या कामाकडे येऊ. ई-पीक पाहणी घरात ओसरीवर बसून होत नाही. आपल्या गटात उभे राहूनच पिकाचा फोटो काढावा लागतो, कारण आपण कोठे उभे आहोत हे फोन उपग्रहावरून ओळखतो. म्हणून शेतात जाण्यापूर्वी फोनचे ‘लोकेशन’ चालू आहे का, बॅटरी पुरेशी आहे का, ते पाहावे. गट नंबर आणि खाते नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावा. कापसात तुरीचे आंतरपीक असेल, तर नुसता कापूस लिहून मोकळे होऊ नये. विहीर, बोअर, बांधावरची झाडे यांचीही नोंद राहते. २०२२ च्या सुधारित ॲपपासून चुकीची नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय दिली गेली, म्हणून नोंद केल्यावर त्याच रात्री ती पुन्हा उघडून वाचावी. शेजाऱ्याकडे फोन नसेल, तर आपल्या फोनवरून त्याचीही नोंद करता येते. ती करताना त्याला शेतात सोबत घ्यावे आणि काय लिहिले ते वाचून दाखवावे.

ही नोंद किती महत्त्वाची आहे, हे २०२४ मध्ये दिसले. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरांपर्यंत, देण्याचे ठरवले. प्रारंभी ज्यांची ई-पीक पाहणी झाली आहे त्यांचाच विचार होता. पीक तर सगळ्यांच्या रानात उभे होते, पण नोंद सगळ्यांची नव्हती. पुढे ओरड झाल्यावर अट शिथिल झाली. दर वेळी ती शिथिल होईलच, या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

आभाळाच्या बाबतीतही फोन कामी येतो. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात आपल्या भागात विजा पडून माणसे आणि बैल दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप काढले आहे. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल, तर ते सूचना देते. हवामान खात्याचे ‘मेघदूत’ ॲप २०१९ मध्ये आले. त्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी शेतीचा सल्ला मिळतो. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, एवढे जरी त्यावरून ठरवता आले, तरी औषधाचे पैसे वाचतात. मात्र सूचना आल्यावर झाडाखाली जाऊन उभे राहू नये. पक्क्या घराकडे निघावे आणि चार्जिंगला लावलेला फोन हातात धरू नये.

पैशांच्या व्यवहाराबद्दल फार सावध राहायला हवे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आता मोंढ्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे चौकोनी ठिपक्यांचे चित्र टांगलेले असते. एक नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच लागत नाही. “तुमचे पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका,” असे कोणी म्हणाले, की तो चोर समजावा. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा बँकेच्या नावाने एखादी फाइल येते आणि ‘हे उघडा, हप्ता जमा होईल’ असे लिहिलेले असते. जिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे आहेत, ती फाइल कितीही ओळखीच्या माणसाने पाठवली तरी उघडू नये. ती उघडली, की आपल्या फोनवर येणारे ओटीपी चोराला दिसू लागतात. आणि फसवणूक झालीच, तर घरातल्यांच्या रागाला भिऊन गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता अधिक. फोनच चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ या सरकारी सोयीवर तो बंद पाडता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी नंबर लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली, की तो काचेवर दिसतो. तो आजच एका वहीत लिहून ठेवावा.

आता एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची म्हणून मुद्दाम सांगतो. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मुकादमाची उचल घेतात आणि चार-सहा महिने कोपीत राहतात. घरी म्हातारा-म्हातारी आणि लेकरे. फोन एकच असेल, तर तो सोबत जातो. इकडे म्हातारीच्या पगाराचे काम निघते, ओटीपी जातो तिकडे फडात, आणि तिथे तर फोनची चार्जिंग उतरलेली असते. कधी पैशांअभावी रिचार्ज राहून जाते. बराच काळ नंबर वापरला नाही, तर कंपनी तो बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देऊन टाकते. मग आपल्या बँकेचे निरोप परक्या माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. म्हणून कोयता बांधण्यापूर्वी, जसे घराला कुलूप लावतो तसे हे पाहून घ्यावे, की आधारला आणि बँकेला कोणता नंबर जोडला आहे, तो चालू आहे का, आणि तो कोणाच्या खिशात असणार आहे. बंद पडलेला नंबर जोडलेला असेल, तर आधार केंद्रात आणि बँकेत जाऊन बदलून घ्यावा.

घरातल्या बाईच्या नावावर खाते आहे, तर नंबरही शक्यतो तिचाच असावा. तिच्या पैशांचा निरोप नवऱ्याच्या, दिराच्या फोनवर येतो आणि पैसे आले की नाही, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळते. सगळ्या घरांत दोन फोन परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण फोन एक असला, तरी तो उघडायचा कसा, निरोप वाचायचा कसा आणि शिल्लक पाहायची कशी, एवढे तिला आलेच पाहिजे. जी बाई बचत गटाचा हिशेब तोंडपाठ सांगते, तिला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्याने तिला शिकवायचा कंटाळा केलेला असतो.

मग हे शिकायचे कसे? त्यासाठी वर्ग काढायला नको. रोज रात्री जेवणानंतर घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना पंधरा मिनिटे शिकवावे. नियम एकच ठेवावा, की फोन आई-वडिलांच्या हातात राहील, मूल फक्त तोंडाने सांगेल. पोराने हिसकावून घेऊन “मी करून देतो” म्हटले, की शिकणे संपले. पहिल्या आठवड्यात आलेला निरोप उघडून वाचणे, दुसऱ्या आठवड्यात आपला सातबारा पाहणे, तिसऱ्या आठवड्यात पीक पाहणीची नोंद तपासणे, चौथ्या आठवड्यात खात्यावरची शिल्लक पाहणे. महिन्याभरात एवढे येते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यासाठी तालुक्याला जाणे-येणे, चहापाणी आणि बुडालेली मजुरी, सगळे वाचते. ऑनलाइनच्या दुकानात जावेच लागले, तरी फोन आपल्याच हातात ठेवावा. आकडे आले, की आधी “हा कशाचा निरोप आहे, मला वाचून दाखव” असे विचारावे, मग आकडे सांगावे. बँकेचा पिन मात्र कोणालाच सांगू नये. पोटच्या पोराने विचारला, तरी आपण स्वतःच टाकावा. पावती मागावी. असे विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही. सरळ दुकानदाराला उलट बरेच वाटते.

भगिनींनो आणि बंधूंनो, चाड्यावर मूठ आपण परक्याच्या हाती देत नाही, कारण पेर चुकली तर वर्ष जाते. या फोनच्या आकड्यांतही आता आपले वर्षभराचे पैसे आहेत. तेव्हा आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी घरात एवढेच विचारा, की आपल्या बँकेला कोणता नंबर जोडला आहे? उत्तर जर फक्त पोरालाच माहीत असेल, तर शिकवणी आजपासूनच सुरू करा.